अर्भककक्षातील उसनवारी

गेल्या दोन दशकांत भारतातील बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण शेकडा ३९ च्या आसपास होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते शेकडा ८८.६ वर पोचले. इतक्या थोड्या अवधीत एवढा मोठा सामाजिक पालट क्वचितच घडतो. जननी सुरक्षा योजनेचे अनुदान, वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या आशा कार्यकर्त्या, दारापर्यंत येणारी रुग्णवाहिका या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ साली जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात शिशूंसाठी वेगळा कक्ष निघाला आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर असे कक्ष उभे राहिले. याचे फळही मिळाले. त्याच दोन पाहण्यांच्या दरम्यान, जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण हजारी ३९ वरून २५ च्या खाली आले. हे यश लहान नव्हे आणि त्याला नाक मुरडण्याचे कोणालाही कारण नाही.

परंतु या यशाबरोबर एक दायित्वही आले आहे. शासनाने मातेला सांगितले की, घरी बाळंत होऊ नकोस, रुग्णालयात ये. ती आली. आता ज्या खोलीत तिला आणि तिच्या बाळाला आणले त्या खोलीत कोणते जंतू वसतीला आहेत, आणि त्या जंतूंवर कोणते औषध चालते, हे पाहण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे. या बाबतीत जी माहिती हाती आहे ती अस्वस्थ करणारी आहे.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक विस्तृत पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या रुग्णालयांत त्या मुदतीत ८८ हजारांवर बालके जन्मली. त्यांपैकी अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बालकांवर संशोधकांनी लक्ष ठेवले. शंभरातील सुमारे चौदा बालकांना रक्तातील जंतुदोष, म्हणजे सेप्सिस झाल्याचे निदान झाले. सुमारे सहा बालकांच्या बाबतीत प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जंतू हाती लागला. सर्वांत अधिक आढळला तो असिनेटोबॅक्टर. त्याखालोखाल क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणाऱ्यांचे प्रमाण असिनेटोबॅक्टरमध्ये शेकडा ८२, क्लेब्सिएलामध्ये ५४ आणि ई. कोलायमध्ये ३८ असे निघाले.

हे आकडे एकदा वाचून पुढे जाण्याजोगे नाहीत. असिनेटोबॅक्टर हा मातेच्या शरीरातून बाळाकडे सहसा येणारा जंतू नव्हे. तो रुग्णालयाचा रहिवासी आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो दिवसच्या दिवस तग धरतो, नळ्यांना आणि यंत्रांना चिकटून राहतो. जंतुदोषाच्या सुमारे दोन-तृतीयांश घटना जन्मापासून बहात्तर तासांच्या आत घडल्या होत्या. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनी वर्षानुवर्षे असे शिकवले की, पहिल्या तीन दिवसांतील जंतुदोष आईकडून येतो व त्यानंतरचा रुग्णालयातून. दिल्लीच्या पाहणीने ही रेषा पुसली. ज्या बाळाचे वय तासांत मोजावे त्याला रुग्णालयाचा जंतू गाठत होता. प्रसूतीच्या टेबलापासून अर्भककक्षापर्यंतच्या वाटेवर कोठेतरी ही भेट होत असली पाहिजे.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो जनुकशास्त्राचा आहे. हे तीन जंतू एका कुळातले नाहीत. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय यांना लांबचे चुलतभाऊ म्हणता येईल; असिनेटोबॅक्टर तर वेगळ्याच गोताचा. असे असता तिघांच्याही अंगी एकच प्रकारची औषधनिरोधकता, पुष्कळदा अक्षरशः तेच जनुक कसे येते? प्रत्येकाने स्वतंत्रपणे ही विद्या संपादन केली असे मानणे असंभाव्य वाटते.

या कोड्याचे उत्तर प्रथम जपानमध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आमांशाच्या साथी जोरात होत्या व त्यांवर सल्फा औषधे आणि नंतर प्रतिजैविके सढळ हाताने वापरली जात होती. १९५५ च्या सुमारास आमांशाचा जंतू शिगेला हा एकाच वेळी चार औषधांना दाद देत नाही असे दिसू लागले. योगायोगाने होणारे उत्परिवर्तन एका औषधापुरते समजू शकते. चार औषधांविरुद्ध चार उत्परिवर्तने एकदम होणे म्हणजे एकाच माणसाला लागोपाठ चार सोडती लागण्यासारखे आहे. विशेष असे की, रुग्णाच्या आतड्यात सुखाने नांदणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही तीच चौपदरी निरोधकता सापडे. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवून दिले की, हे दोन जंतू एकत्र वाढवले तर निरोधकता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली हे सारे काम इंग्रजीत मांडले तेव्हा पाश्चात्त्य जगाला त्याची खरी ओळख झाली. आनुवंशिकतेलाच संसर्गजन्य म्हणण्याची पाळी शास्त्रज्ञांवर आली.

या देवघेवीचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली हा शब्द रूढ केला. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत डीएनएची लहान लहान कडी असतात. ती स्वतःच्या प्रती स्वतः काढतात आणि दोन जिवाणू शेजारी आले की एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मुख्य गुणसूत्र ही घराण्याची मिरास. ती बापाकडून मुलाकडेच जाणार. प्लाझ्मिड ही शेजारधर्माची उसनवारी आहे. मात्र माणसांच्या उसनवारीत वाटीभर साखर दिली की देणाऱ्याच्या डब्यातली तेवढी कमी होते. येथे देणाऱ्याकडे मूळ प्रत राहतेच, घेणाऱ्याला नवी मिळते आणि तोही लगेच दाता होतो. घेणारा आपल्या जातीचा असला पाहिजे अशी अटही नाही.

यावर आणखी एक पदर आहे. प्लाझ्मिडवरील जनुकेदेखील आपल्या जागी स्थिर नसतात. त्यांच्या बाजूला डीएनएचे असे तुकडे असतात की, जे स्वतःला उचलून दुसरीकडे नेऊन बसवतात आणि जाताना शेजारचे जनुक बरोबर ओढून नेतात. त्यामुळे एका प्लाझ्मिडवर पाच-सात औषधांविरुद्धची जनुके एका माळेत ओवलेली आढळतात. याचा व्यावहारिक अर्थ फार गंभीर आहे. माळेतील कोणत्याही एका औषधाचा वापर केला की संपूर्ण माळ बाळगणारा जंतू तगतो. ज्या औषधाचे नावही त्या कक्षात कोणी घेतलेले नाही, त्याच्याविरुद्धची निरोधकताही त्यामुळे फुकट पोसली जाते. अमुक एक औषध काही महिने बंद ठेवले की जंतू पुन्हा वळणावर येतील, ही जी भाबडी आशा कधी कधी व्यक्त केली जाते, तिचा पाया येथेच खचतो.

ही जनुके आली कोठून? माणसाने प्रतिजैविके शोधण्याच्या कितीतरी आधीपासून ती निसर्गात आहेत. कॅनडातील युकॉन प्रदेशात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही ती सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पेनिसिलिनचा नाश करणारे विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० साली, म्हणजे ते औषध रुग्णांना सर्रास मिळू लागण्यापूर्वीच, वर्णिले होते. मनुष्याने केले ते एवढेच की, मातीत आणि पाण्यात विखुरलेल्या या जनुकांना रुग्णालयात मानाचे पान मांडले. सेफोटॅक्झिमसारख्या औषधांना निष्प्रभ करणारी सीटीएक्स-एम या नावाची जनुके मुळात क्लुइव्हेरा नामक एका सामान्य जिवाणूच्या गुणसूत्रावर निरुपद्रवीपणे पडून होती. एका फिरत्या तुकड्याने ती उचलून प्लाझ्मिडवर आणली. त्यांतील आज जगभर सर्वाधिक पसरलेला जो पंधरावा प्रकार, तो प्रथम वर्णिला गेला तो नवी दिल्लीत १९९९ साली गोळा केलेल्या जंतूंमधून.

सेफोटॅक्झिम निकामी झाल्यावर डॉक्टर कार्बापेनेम गटाकडे वळले. मेरोपेनेम हे त्यातील परिचित नाव. ही राखीव फौज समजली जाई. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात तिचाही पाडाव करणारे विकर आढळले. हा रुग्ण त्यापूर्वी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. म्हणून विकराचे नाव नवी दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, संक्षेपाने एनडीएम-१ असे पडले. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याच्या प्रसारासंबंधीचा लेख लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट असे आरोप झाले. देशाच्या राजधानीचे नाव एका विकराला देणे औचित्याला धरून नव्हते, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु त्या गोंधळात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याकडील २४ कार्बापेनेम-निरोधक जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ असल्याचे त्याच वर्षी मार्चमध्ये, भारतातीलच वैद्यकीय नियतकालिकात, कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले होते. घरातल्या माणसाने सांगितले तेव्हा कोणी मान वर केली नाही. परक्याने सांगितले तेव्हा अपमान वाटला. पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत हे जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हाही चर्चा मुख्यतः नमुने देशाबाहेर कसे गेले याचीच झाली.

एनडीएमची जन्मकथा तर जनुकांच्या उसनवारीचा नमुना म्हणून शिकवावी अशी आहे. हे जनुक सांधलेले आहे. त्याचा आरंभीचा लहानसा तुकडा एका दुसऱ्याच जनुकाचा आहे, आणि ते दुसरे जनुक अमिकासिन या औषधाविरुद्धचे आहे. असिनेटोबॅक्टरमध्ये हा सांधा जुळला असावा असे संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. अमिकासिन म्हणजे अर्भककक्षात नेहमी टोचले जाणारे औषध. अर्थात हा सांधा अर्भककक्षातच जुळला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु असिनेटोबॅक्टर रुग्णालयात किती प्रकारची शिदोरी गोळा करून बसतो याची त्यावरून कल्पना येते. तेथून हे जनुक क्लेब्सिएला आणि ई. कोलाय यांच्या हाती गेले.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. साथ म्हटली की एक जंतू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातो असे चित्र डोळ्यांसमोर येते. काही वेळा ते खरेही असते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे रोझी रुग्णालयाच्या नवजात कक्षात २०११ साली बारा बालकांच्या अंगावर मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आढळला. सर्व नमुन्यांची संपूर्ण जनुकीय अक्षरमाला वाचली गेली तेव्हा, वरवर विखुरलेल्या या घटना एकाच साथीच्या कड्या असल्याचे निष्पन्न झाले. शेवटचे बाधित बालक घरी जाऊन चौसष्ट दिवस लोटले होते, कक्ष घासूनपुसून स्वच्छ केला होता, आणि तरीही एका नव्या बालकात तोच जंतू निघाला. मग १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली व त्यांतील एका व्यक्तीच्या अंगावर तो जंतू सापडला. त्या व्यक्तीवर उपचार झाले, साखळी तुटली. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे जुळवावेत तशी ही कामगिरी होती आणि तिचे कौतुक योग्यच आहे.

कोलकात्यातील एका नवजात कक्षात राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेच्या संशोधकांनी असाच शोध घेतला तेव्हा दिसलेले चित्र निराळे होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जंतुदोष झालेल्या बालकांकडून एनडीएम-१ बाळगणारे क्लेब्सिएला आणि ई. कोलाय मिळाले, पण ते परस्परांचे वंशज नव्हते. त्यांच्या बोटांचे ठसे जुळत नव्हते. म्हणजे येथे बाळाकडून बाळाकडे एक जंतू जात नव्हता. अनेक जंतूंमध्ये एक जनुक हिंडत होते. २०१४ मध्ये त्याच गटाने दाखल बालकांतील या जनुकाची ये-जा आणि तिला वाहून नेणारे फिरते घटक यांचे वर्णन केले. अशा ठिकाणी केंब्रिजची युक्ती चालणार नाही. कोणा एकाला शोधून, उपचार करून साखळी तोडता येत नाही, कारण साखळीच नाही; जाळे आहे.

भारतीय अर्भककक्षांच्या विचारात हा फरक पुरेसा उतरलेला दिसत नाही. साथनियंत्रणाच्या प्रचलित पद्धतीत जंतूचे नाव नोंदवतात. या आठवड्यात तीन क्लेब्सिएला आणि दोन ई. कोलाय आढळले तर त्या दोन स्वतंत्र किरकोळ घटना समजल्या जातात. त्या पाचांमध्ये एकच प्लाझ्मिड असेल तर ती एकच साथ आहे आणि तिची व्याप्ती पाच बालकांची आहे. वहीत जे लिहिले जात नाही ते प्रशासनाच्या दृष्टीने घडतच नाही.

नवजात बालकच या जाळ्यात सर्वांत आधी का सापडते, हे पाहण्यासारखे आहे. जन्मतः त्याचे आतडे जवळपास रिकामे असते. पहिल्या काही दिवसांत जे जिवाणू तेथे पोचतील ते ठाण मांडतात. घरी आईच्या कुशीत वाढणाऱ्या बाळाला ते आईकडून आणि तिच्या दुधातून मिळतात. दीड किलो वजनाचे, काचेच्या पेटीत ठेवलेले, नाकातून नळी आणि नाळेतून सुई घातलेले बाळ आईपासून दूर असते. त्याला ते कक्षातून मिळतात. त्यातच संशयावरून प्रतिजैविके सुरू झालेली असतात. त्यांनी औषधाला वश होणारे जिवाणू मरतात आणि रिकाम्या पडलेल्या रानात निरोधक जिवाणू एकटेच माजतात. त्या कोवळ्या आतड्यात मग कोट्यवधी जिवाणू दाटीने नांदतात. प्लाझ्मिडांच्या देवाणघेवाणीला याहून सोयीची बाजारपेठ शोधून सापडणार नाही. आतड्याची भिंत पातळ असते, रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते. एखादे दिवशी त्यांतील एक जिवाणू रक्तात उतरतो.

संशयावरून औषध का देतात, असा प्रश्न बाहेरून विचारणे सोपे आहे. नवजात बालकातील जंतुदोषाची लक्षणे धूसर असतात. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागते, श्वास मध्येच थांबतो. कारण जंतुदोष असेल किंवा नसेल. रक्त तपासणीस पाठवावे तर एवढ्याशा देहातून एखादा मिलिलिटरच काढता येतो, आणि त्यात जंतू उगवेलच याची शाश्वती नाही. दिल्लीच्या पाहणीतही निम्म्याहून अधिक रुग्णांत जंतू हाती लागला नव्हता. अहवाल येईपर्यंत दोन दिवस जातात. उपचार नसेल तर बाळ तेवढा वेळ देत नाही. अशा वेळी रात्री दोन वाजता कक्षात उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरने औषध न देण्याचे धाडस करावे, अशी अपेक्षा बाळगणारांनी त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. दोष आहे तो अहवाल वेळेवर न येण्याचा. अनेक जिल्ह्यांत तर रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची सोयच धड नसते. अहवाल येणारच नसेल तर दोन दिवसांनी औषध थांबवण्याचा आधार डॉक्टरला मिळत नाही आणि दोन दिवसांचा उपचार दहा दिवसांचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नवजात जंतुदोषावर प्रथम अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी द्यावयाची असते. ती स्वस्त आहे, परिचित आहे. भारतातील मोठ्या रुग्णालयांत तिच्यावर विश्वास टाकणे कठीण झाले आहे, म्हणून डॉक्टर मेरोपेनेमकडे आणि तेही चुकले तर कोलिस्टिनकडे जातात. कोलिस्टिन १९४० च्या दशकाअखेर जपानमध्ये सापडलेले औषध. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून पुढे ते जवळपास अडगळीत गेले होते. नाइलाजाने ते परत काढले गेले. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून वृत्त आले की, कोलिस्टिनविरुद्धचे जनुकही प्लाझ्मिडवर स्वार झाले आहे. भारताने २०१९ साली कोंबड्या व जनावरे यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली, हे उचित झाले. मात्र कोंबडी लठ्ठ व्हावी म्हणून हे औषध तोवर खाद्यात जात होते, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

अकरा देशांतील १९ रुग्णालयांत २०१८ ते २०२० दरम्यान झालेल्या एका निरीक्षणात तीन हजारांवर आजारी नवजात बालकांची नोंद ठेवली गेली. भारतही त्यात होता. त्या बालकांना दिलेल्या औषधांचे दोनशेहून अधिक वेगवेगळे मेळ निघाले. दोनशे मेळ याचा अर्थ, कोणता मेळ बरा हे कोणालाच ठाऊक नाही. नवी औषधे आधी प्रौढांवर तपासली जातात. अर्भकाला किती मात्रा द्यावी हे ठरेपर्यंत वर्षे लोटतात. एनडीएमने न तुटणारे अ‍ॅझ्ट्रिओनॅम आणि त्याला इतर विकरांपासून सांभाळणारे अ‍ॅव्हिबॅक्टम यांच्या जोडीला युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ती प्रौढांसाठी. त्याच वर्षी फॉस्फोमायसिन, फ्लोमॉक्सेफ आणि अमिकासिन या जुन्या औषधांच्या नव्या जोड्या खास नवजात बालकांत तपासण्याची चाचणी आफ्रिकेत सुरू झाली. ती आवश्यकच आहे. परंतु जे जनुक कार्बापेनेमपर्यंत पोचले ते पुढच्या औषधापाशी अडेल असे मानण्यास इतिहासात आधार नाही. १९५४ साली पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिनची बाटली स्वस्त झाली की मुलांचे मरण टळेल अशी आशा होती. ती खोटी ठरली नाही. पण तिची मुदत ठरलेली होती.

म्हणून औषधाच्या कपाटाकडून नजर काढून ती कक्षाच्या फरशीकडे वळवणे भाग आहे. हात धुण्याच्या भांड्याखाली वाकड्या नळीत जे पाणी साचून राहते तेथे या जिवाणूंची चिकट साय धरते. अमेरिकेत व्हर्जिनिया येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की, ही साय नळीतून दिवसाला सुमारे एक इंच या गतीने वर चढते. जाळीपर्यंत आली की नळाच्या धारेबरोबर तिचे तुषार भोवती उडतात. हात धुण्याच्या जागी हाताला जंतू लागतो. तेथेच बाटल्या विसळल्या, उरलेले सलाइन आणि औषधे तेथेच ओतली की जंतूला खाद्य आणि जनुकाला प्रोत्साहन दोन्ही मिळतात. ग्लुकोजची एक बाटली उघडून तिच्यातून अनेक बालकांसाठी द्रव काढला जातो, एका उबेच्या पाळण्यावर दोन दोन बाळे ठेवली जातात, रात्रपाळीला एका परिचारिकेकडे जेवढी बाळे सोपवावीत त्याच्या दुपटीने सोपवली जातात. प्रत्येक बाळाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर तिने हात स्वच्छ करावेत हा नियम भिंतीवर लावलेला असतो. तो अक्षरशः पाळावयाचा तर पाळीचा मोठा भाग त्यातच जाईल. नियम लिहिणारांनी हे गणित कधी केले आहे काय? परिचारिकांची रिक्त पदे ही वित्त खात्याच्या फाइलीतील बाब समजली जाते. वस्तुतः तो जनुकांच्या प्रसाराचा राजमार्ग आहे.

तपासणीच्या बाबतीत मात्र देश रिक्तहस्त नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या डिसेंबरात, विषाणूंच्या जनुकीय वाचनासाठी प्रयोगशाळांचे जाळे उभारले गेले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र त्यात आरंभापासून होती. ती यंत्रे आणि ती चालवणारी तरुण मंडळी यांना अर्भककक्षांतील जिवाणू वाचण्याच्या कामी लावता येईल. प्लाझ्मिडचे कडे तुकड्यांतून जुळवणे जिकिरीचे असते व त्याला लांब धागे वाचणारी यंत्रे लागतात, एवढी तांत्रिक अडचण आहे. ती पैशाने सुटणारी आहे. औषधनिरोधक जंतुदोषाने भारतात वर्षाला पन्नास हजारांहून अधिक नवजात बालके दगावत असावीत, असा अंदाज २०१६ साली मांडला गेला. करोनाच्या विषाणूच्या प्रत्येक नव्या वळणाची वार्ता ज्या तत्परतेने दिल्लीस पोचत असे, तिचा काही अंशही या बालकांच्या वाट्याला आलेला नाही.

दोन प्रयोगांचा उल्लेख येथे करावयास हवा, कारण दोन्हींत भारतीय बालके होती आणि दोन्हींत नवे प्रतिजैविक नव्हते. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजार नवजात बालकांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांना सात दिवस एका उपकारक लॅक्टोबॅसिलसची आणि त्याला पोसणाऱ्या शर्करेची मात्रा दिली. जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण शेकडा ९ होते ते ५.४ झाले. ही बालके बहुतांशी पूर्ण दिवसांची आणि दोन किलोंवरची होती. अतिदक्षता विभागातील किरकोळ बाळांना हाच न्याय लावता येईल असे नाही. पण आतड्यातील जागा आधी कोणी व्यापली यावर किती अवलंबून असते, ते यातून दिसले.

दुसरा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेचा, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत एक ते सुमारे १.८ किलोंच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मतःच आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले. कोलंबियात १९७८ साली काचपेट्यांच्या टंचाईतून निघालेली ही पद्धत. २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले आणि जंतुदोषाचा संशयही कमी बाळांत आला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. यातील भारतीय केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. त्यासाठी अतिदक्षता विभागाचीच रचना बदलावी लागली: प्रत्येक पाळण्याशेजारी आईची खाट, तिच्यासाठी न्हाणीघर, तिचे जेवण, आणि तिच्या प्रकृतीकडे पाहणारी सुईण व डॉक्टर. देशातील कितीतरी नवजात कक्षांच्या दारावर आजही प्रवेश बंदची पाटी आहे, आणि ओली बाळंतीण बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून आत बोलावण्याची वाट पाहत असते.